नायजेरिया : माणशी एक लिटर तेलाचा देश

नायजेरिया हा तेलसंपन्न देश आहे, हे विधान खरे असले तरी ते ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर कुवेत किंवा अबुधाबी उभे राहते आणि तिथेच समजुतीचा घोळ सुरू होतो. म्हणून आधी एक साधे गणित मांडून पाहू. अलीकडच्या काळात नायजेरिया दिवसाला साधारण १५ लाख पिंपे कच्चे तेल काढतो. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल मावते आणि देशाची लोकसंख्या २२ कोटींच्या पुढे आहे. भागाकार केला की माणशी रोज जेमतेम एक लिटर तेल हाती येते. पिंपाचा भाव ७० डॉलर धरला, तर त्या एका लिटरची किंमत चाळीस रुपयांच्या आसपास भरते आणि त्यातूनही तेल काढण्याचा खर्च, परदेशी कंपन्यांचा वाटा आणि चोरी वजा व्हायची असते. कुवेतमध्ये हाच भागाकार माणशी सत्तर-ऐंशी लिटरपर्यंत जातो. थोडक्यात, साऱ्या नायजेरियाला श्रीमंत करण्याइतके हे तेल कधीच नव्हते. मात्र त्याचे वाटप ज्याच्या हाती असेल त्याला श्रीमंत करण्याइतके ते नक्कीच होते. या देशाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर एरवी गुंतागुंतीच्या वाटणाऱ्या बऱ्याच घटनांचा उलगडा होतो.

वरच्या गणितातला लोकसंख्येचा आकडाही अंदाजच आहे. देशातील शेवटची जनगणना २००६ साली झाली आणि तीत सुमारे १४ कोटी लोक मोजले गेले. जनगणना हा तिथे केवळ सांख्यिकी खात्याचा विषय नाही. कोणत्या राज्याला किती पैसा आणि संसदेत किती जागा, हे डोकी मोजण्यावर ठरत असल्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोजणीवरून वाद झाले आहेत.

नकाशात पाहिले तर हा देश समजून घेणे सोपे जाते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९ लाख २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट आहे. वायव्येकडून नायजर आणि पूर्वेकडून बेनुवे अशा दोन मोठ्या नद्या वाहत येतात, देशाच्या मध्याजवळ लोकोजा या गावी त्यांचा संगम होतो आणि तिथून एकत्रित प्रवाह दक्षिणेला जाऊन अटलांटिक महासागराच्या काठी विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश तयार करतो. या नद्यांमुळे देशाचे ढोबळमानाने तीन तुकडे पडतात. उत्तरेला कोरड्या गवताळ प्रदेशात हौसा आणि फुलानी हे प्रामुख्याने मुस्लिम समाज राहतात. कानोसारखी त्यांची शहरे सहारा ओलांडून चालणाऱ्या व्यापारावर शेकडो वर्षे नांदली, आणि १८०४ साली उस्मान दान फोदियो यांनी पुकारलेल्या जिहादातून तिथे सोकोतोची खिलाफत उभी राहिली. नैऋत्येला योरुबा लोकांची राजघराणी आणि जुनी नगरे आहेत. आग्नेयेला इग्बो लोकांची दाट वस्तीची गावे असून त्यांच्यात राजेशाही फारशी रुजलेली नव्हती. गावसभाच बहुतेक निर्णय घेत असे. हे तीन मोठे समाज झाले. त्यांच्याखेरीज इजाव, कानुरी, तिव, इबिबिओ, एदो, ओगोनी असे कितीतरी समाज आणि पाचशेहून अधिक भाषा आहेत. सरकारी कारभार इंग्रजीत चालतो, पण बाजारात, बसमध्ये आणि रेडिओवर सर्वांना जोडून ठेवणारी भाषा म्हणजे इंग्रजीच्या मोडतोडीतून घडलेली पिजिन.

या सर्वांना एका सरहद्दीत आणण्याचा निर्णय त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. ब्रिटिशांनी १९१४ साली उत्तर आणि दक्षिण या आपल्या दोन संरक्षित प्रदेशांचे एकत्रीकरण केले, त्यामागचे एक मोठे कारण जमाखर्चाचे होते. दक्षिणेकडे बंदरे होती, त्यामुळे जकातीचे उत्पन्न होते. उत्तरेचा कारभार मात्र तोट्यात चालत असे. दक्षिणेच्या शिलकीतून उत्तरेची तूट भरून काढावी, या हिशेबाने झालेल्या जोडणीचे कर्ते फ्रेडरिक लुगार्ड हे मद्रासेत जन्मलेले ब्रिटिश अधिकारी होते. देशाचे नावही बाहेरूनच आले. फ्लोरा शॉ या इंग्रज पत्रकार बाईंनी १८९७ साली लंडनच्या वृत्तपत्रातील लेखात ते सुचवले, आणि पुढे त्यांचा विवाह याच लुगार्डसाहेबांशी झाला. लुगार्ड यांनी उत्तरेतील अमीरांची गादी कायम ठेवून त्यांच्यामार्फत राज्य चालवले आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांना तिकडे सहसा फिरकू दिले नाही. परिणामी शाळा दक्षिणेत निघाल्या आणि उत्तर शिक्षणात मागे पडली. ही दरी आजही बुजलेली नाही.

गंमत अशी की खनिज तेल सापडण्याच्या सत्तर वर्षे आधी या किनाऱ्याला 'तेलनद्यांचा प्रदेश' असेच म्हणत. ते तेल होते पामचे. इंग्लंडमधील कारखान्यांची यंत्रे त्याच्या वंगणावर चालत आणि साबणही त्याचाच बनत असे. त्या व्यापारावरची पकड घट्ट करण्यासाठी ब्रिटिशांनी ओपोबोचे राजे जाजा यांना १८८७ साली पकडून हद्दपार केले, कारण ते आपल्या नदीतून जाणाऱ्या मालावर स्वतः हक्क सांगत होते. तेल नदीकाठच्या लोकांचे आणि भाव व नफा दुसरीकडे, ही व्यवस्था त्या प्रदेशाला नवी नव्हती.

स्वातंत्र्य मिळाले १ ऑक्टोबर १९६० रोजी. त्या वेळी नायजेरिया हा शेतीमालाचा देश होता. कानोमध्ये भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचलेले असत आणि ते रेल्वेने बंदराकडे जाण्याची वाट पाहत उभे असत. पश्चिमेत कोको पिकत असे. पूर्वेत पामतेल होते, आणि त्या पिकात नायजेरिया जगात आघाडीवर होता. प्रत्येक प्रांत आपापल्या पिकावर जगत असे, त्या पिकाच्या उत्पन्नातील मोठा वाटा प्रांताकडेच राहत असे आणि त्यामुळे प्रांताच्या पुढाऱ्यांना शेतकऱ्याची काळजी घेणे भाग होते. पश्चिम प्रांताचे नेते ओबाफेमी अवोलोवो यांनी १९५५ साली मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यामागे कोकोचा पैसा होता. ही जुनी व्यवस्था आदर्श होती असे मुळीच नाही. सरकारी खरेदी मंडळे शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा कमी पैसे देत. पण कर देणारा आणि खर्च करणारा एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते, एवढे मात्र खरे.

१९५६ साली त्रिभुज प्रदेशातील ओलोइबिरी या खेड्याजवळ शेल-बीपी कंपनीला व्यापारी प्रमाणावर काढता येईल इतके तेल सापडले आणि १९५८ पासून निर्यात सुरू झाली. सुरुवातीला त्याचे कोणाला फार कौतुक नव्हते. परंतु १९६६ सालच्या दोन लष्करी बंडांनी देश हादरला. जानेवारीतील बंडात पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा आणि उत्तरेचे नेते अहमदू बेलो मारले गेले. बंडखोरांमध्ये इग्बो अधिकारी अधिक असल्याने उत्तरेत त्याचा सूड उगवला गेला आणि तिथे राहणाऱ्या हजारो इग्बोंची कत्तल झाली. जुलैच्या बंडानंतर सत्ता याकुबू गोवॉन या तरुण अधिकाऱ्याकडे आली. पूर्व प्रांताचे लष्करी राज्यपाल ओजुक्वु यांनी ३० मे १९६७ रोजी बियाफ्रा या स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. तोवर हे स्पष्ट झाले होते की तेलाचा मोठा भाग याच पूर्वेकडच्या भूमीत आहे. गोवॉन यांनी या घोषणेच्या तीनच दिवस आधी एक चलाख चाल खेळली होती. देशाचे चार प्रांत मोडून त्यांनी बारा राज्ये केली आणि किनाऱ्यावरील तेलाचे पट्टे इग्बोंच्या राज्यातून बाहेर काढून तिथल्या अल्पसंख्य समाजांच्या वेगळ्या राज्यांत घातले. अडीच वर्षे युद्ध चालले. बियाफ्राची नाकेबंदी झाली, आणि गोळ्यांपेक्षा उपासमारीने कितीतरी अधिक माणसे गेली; मृतांचे अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत दिले जातात. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली.

युद्ध संपले, पण त्या काळात लष्कराने घातलेला एक पाया तसाच राहिला. १९६९ च्या कायद्याने देशातील सारे खनिज तेल केंद्र सरकारच्या मालकीचे झाले. स्वातंत्र्याच्या वेळच्या घटनेत खनिजाच्या उत्पन्नाचा अर्धा भाग ते ज्या प्रांतात निघते त्याला मिळे. तेलाचे महत्त्व जसजसे वाढत गेले तसतसा हा वाटा लष्करी राजवटींनी कापत नेला आणि ऐंशीच्या दशकात तो दीड टक्क्यापर्यंत खाली आला. १९९९ च्या घटनेने तो किमान तेरा टक्के केला. उरलेला पैसा केंद्र, राज्ये आणि स्थानिक परिषदा यांच्यात ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. अनेक वर्षे चाललेल्या सूत्रानुसार केंद्राला ५२.६८ टक्के, राज्यांना २६.७२ टक्के आणि स्थानिक परिषदांना २०.६० टक्के मिळतात. दर महिन्याला सर्व राज्यांच्या अर्थखात्यांचे प्रतिनिधी राजधानीत जमतात, त्या महिन्याचा हिशेब मांडला जातो आणि वाटप होते. राज्याच्या कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होणार की नाही, हे पुष्कळदा या बैठकीवर अवलंबून असते. नायजेरियन लोक याला 'राष्ट्रीय केक' म्हणतात, आणि राजकारण म्हणजे त्या केकचा मोठा तुकडा आपल्या गावी आणणे, असा त्याचा रोकडा अर्थ घेतात.

आता बारा राज्यांची पुढे १९७६ साली एकोणीस, १९९१ साली तीस आणि १९९६ साली छत्तीस राज्ये का झाली, हे वेगळे सांगायला नको. वाटपाचा बराचसा भाग राज्यांमध्ये समान विभागला जात असल्यामुळे नवे राज्य मिळणे म्हणजे नवा वाटा मिळणे होते. सोबत नवे राज्यपाल, नवे सचिवालय आणि नव्या मोटारी येत. स्वतःच्या करांवर तग धरू शकतील अशी राज्ये मोजकीच आहेत आणि त्यांत लागोस या किनाऱ्यावरच्या महानगराचे राज्य पहिले. करांचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत जगात सर्वांत कमी असलेल्या देशांत नायजेरिया मोडतो. जे सरकार नागरिकाकडून फारसा कर घेत नाही त्याला नागरिकाला हिशेबही द्यावासा वाटत नाही, असे राज्यशास्त्राचे अभ्यासक सांगत आले आहेत, आणि मला हे स्पष्टीकरण भ्रष्टाचाराच्या सरधोपट निंदेपेक्षा अधिक पटते.

१९७३ साली तेलाचे भाव चौपट झाले आणि अचानक पैशांचा पूर आला. सरकारी नोकरांचे पगार एकदम वाढले आणि रस्ते, छावण्या, सभागृहे यांची कामे निघाली. या काळाचे सर्वांत बोलके चित्र लागोसच्या बंदरात दिसले. १९७५ साली सरकारी खात्यांनी मिळून सुमारे दोन कोटी टन सिमेंटची मागणी परदेशात नोंदवून ठेवली होती, आणि लागोसच्या धक्क्यांना एवढे सिमेंट उतरवून घ्यायला कित्येक वर्षे लागली असती. सिमेंटने भरलेली शेकडो जहाजे बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली, खोळंब्याचे भाडे दिवसागणिक चढत गेले आणि दमट हवेत पुष्कळ पोत्यांचे दगड झाले. काही जहाजमालकांना माल उतरवण्यापेक्षा रांगेत उभे राहणेच फायद्याचे ठरले, असे त्या वेळी उघड बोलले जाई.

शेतीचे काय झाले, हे त्यामानाने शांतपणे घडले. तेल विकून डॉलर येऊ लागले की देशाचे चलन महाग होते. १९८० च्या सुमारास एका नायराला दीड डॉलरहून अधिक मिळत असे. अशा वेळी परदेशी तांदूळ, गहू आणि कापड स्वस्त पडते, आणि आपला भुईमूग किंवा कोको परदेशी ग्राहकाला महाग पडतो. शिवाय शहरात बांधकामावर मिळणारी मजुरी शेतातल्या मजुरीपेक्षा अधिक असते. कानोचे भुईमुगाचे मनोरे सत्तरच्या दशकात नाहीसे झाले, त्याला रोग आणि दुष्काळ जितके कारण होते तितकेच हेही होते. पामतेलात जगात आघाडीवर असलेला देश पुढे पामतेल आयात करू लागला; त्याची जागा मलेशिया आणि इंडोनेशियाने घेतली. मग १९८६ साली तेलाचे भाव कोसळले, तेव्हा परत जायला शेती उरलेली नव्हती. कर्जे झाली, नायरा घसरू लागला, आणि पुढची अनेक वर्षे घसरतच गेला; २०२४ साली एका डॉलरला सुमारे १,५०० नायरा मोजावे लागत होते.

या साऱ्याची किंमत ज्या भूमीने मोजली ती त्रिभुज प्रदेशातील भूमी आहे. कोकणातील खाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिचे रूप ओळखीचे वाटेल: भरती-ओहोटीचे पाणी, चिखलात उभी तिवरांची दाट बने, त्यांच्या मुळांना चिकटलेली कालवे, होड्यांतून चालणारी मासेमारी. तेल सांडले की ते ओहोटीबरोबर निघून जात नाही. ते तिवरांच्या श्वसनमुळांवर थर धरते, मुळे गुदमरतात, झाडे वाळतात आणि माशांची पिल्ले वाढण्याची जागा संपते. तेलाबरोबर वर येणारा नैसर्गिक वायू साठवण्याची सोय करण्यापेक्षा जाळून टाकणे स्वस्त असल्यामुळे गावांच्या शेजारी रात्रंदिवस ज्वाळा पेटत राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली ओगोनी भागाची पाहणी प्रसिद्ध केली. तीत एका वस्तीतील पिण्याच्या विहिरींत बेंझिन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले, आणि हा भाग पूर्ववत व्हायला पंचवीस-तीस वर्षे लागू शकतील असे नमूद करण्यात आले.

ओगोनी हा काही लाखांचा लहान समाज. त्यांचा आवाज जगाला ऐकू आला तो लेखक आणि कार्यकर्ते केन सारो-विवा यांच्यामुळे. जानेवारी १९९३ मध्ये त्यांच्या चळवळीच्या हाकेला लाखोंचा जमाव शांततेने रस्त्यावर उतरला आणि त्याच वर्षी शेल कंपनीने ओगोनी भागातील उत्पादन थांबवले. पुढच्या वर्षी चार ओगोनी पुढाऱ्यांची जमावाने हत्या केली. तिचा ठपका सारो-विवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर ठेवून सानी अबाचा यांच्या लष्करी राजवटीने खास न्यायाधिकरण नेमले आणि जगभरातून विनवण्या होत असताना १० नोव्हेंबर १९९५ रोजी नऊ जणांना पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिली. राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित केले. शांततेच्या मार्गाने काही मिळत नाही, असा धडा पुढच्या पिढीने घेतला. २००६ पासून सशस्त्र गटांनी तेलवाहिन्या उडवणे आणि परदेशी कर्मचाऱ्यांचे अपहरण करणे सुरू केले. २००९ साली सरकारने त्यांना माफी, मासिक भत्ता आणि प्रशिक्षण देऊन शस्त्रे खाली ठेवायला लावले. हेही एका अर्थी वाटपच झाले.

तेलचोरी मात्र थांबली नाही. वाहिनीला भोक पाडायचे, तेल होडीत भरायचे आणि तिवरांच्या आडोशाला पत्र्याच्या पिंपांखाली जाळ लावून डिझेल काढायचे, हा तिथल्या बेरोजगार तरुणांचा धोकादायक धंदा आहे. त्या धुराची काजळी पोर्ट हारकोर्ट शहरातील घरांच्या खिडक्यांवर बसते. पण खरी चोरी यांच्या होड्यांत मावणारी नाही. २०२२ साली फोरकाडोस या निर्यात टर्मिनलपासून समुद्रात नेलेली चार किलोमीटर लांबीची बेकायदा वाहिनी उघडकीस आली आणि ती नऊ वर्षे सुरू होती, असे राष्ट्रीय तेल कंपनीनेच सांगितले. कुंपणाचा हात असल्याखेरीज शेत असे खाल्ले जात नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अधिकृत उत्पादन दिवसाला १० लाख पिंपांच्याही खाली गेले होते.

इतके तेल काढणाऱ्या देशात पेट्रोलसाठी रांगा लागत, हे बाहेरच्या माणसाला सर्वांत अनाकलनीय वाटते. कच्चे तेल आणि पेट्रोल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्याचे अर्धे उत्तर. सरकारी मालकीचे शुद्धीकरण कारखाने पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कादुना येथे आहेत. कादुना तर विहिरींपासून शेकडो किलोमीटर दूर उत्तरेत आहे, कारण कारखान्यांच्या वाटपातही उत्तरेला वाटा हवा होता. देखभालीअभावी हे सारे वर्षानुवर्षे बंद किंवा जवळजवळ बंद राहिले. त्यामुळे कच्चे तेल जहाजाने युरोपला जायचे आणि पेट्रोल जहाजाने परत यायचे. ते लोकांना स्वस्त द्यायचे म्हणून फरक सरकार भरायचे, आणि स्वस्त पेट्रोल सरहद्दीपलीकडे बेनिनमध्ये चोरट्या मार्गाने जाऊन बाटल्यांतून विकले जायचे. २०२२ साली या अनुदानावर चार लाख कोटी नायरांहून अधिक खर्च झाला. तरीही ते काढणे सोपे नव्हते, कारण सरकारकडून आपल्याला प्रत्यक्ष मिळणारी एकच गोष्ट म्हणजे स्वस्त पेट्रोल, अशी सामान्य माणसाची भावना होती. जानेवारी २०१२ मध्ये ते काढताच देशभर हरताळ झाला आणि सरकारला अर्धे पाऊल मागे घ्यावे लागले. २९ मे २०२३ रोजी बोला टिनुबू यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना केलेल्या भाषणातच अनुदान संपल्याचे जाहीर केले. लिटरला दोनशे नायरांच्या आत मिळणारे पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या आसपास गेले, आणि त्याचे चटके भाज्यांच्या भावापासून शाळेच्या बसभाड्यापर्यंत सर्वत्र बसले.

पेट्रोल मोटारींपुरते नसते, हेही इथे सांगायला हवे. देशाच्या वीजजाळ्यातून साधारण चार-पाच हजार मेगावॉट वीज मिळते. एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या वर असते. म्हणून शिंप्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत प्रत्येकाच्या दारात जनरेटर असतो. त्यातल्या सर्वांत लहान, हाताने उचलता येणाऱ्या जनरेटरला लोकांनी 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' अशा अर्थाचे नाव ठेवले आहे. जुन्या वीजमंडळाचे नाव 'नेपा'. ते मंडळ केव्हाच मोडीत निघाले, तरी आजही दिवे आले की चाळीतली पोरे 'अप नेपा!' म्हणून ओरडतात.

लष्कराबद्दल बोलायचे तर भारताचा, आणि थोडा पुण्याचाही, संबंध येतो. कादुना येथील संरक्षण प्रबोधिनी १९६४ साली भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीने उभी राहिली. १९७६ ते १९७९ या काळात लष्करी राजवटीचे प्रमुख म्हणून आणि १९९९ ते २००७ या काळात निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष म्हणून देश चालवणारे ओलुसेगुन ओबासान्जो १९६५ साली तमिळनाडूतील वेलिंग्टनच्या लष्करी महाविद्यालयात प्रशिक्षण आणि पुण्यात लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन गेले होते. आजचा दुवा अधिक रोजचा आहे. नायजेरियाच्या शहरांत प्रवासी वाहून नेणाऱ्या दुचाकींना 'ओकाडा' आणि तीनचाकी रिक्षांना 'केके नापेप' म्हणतात. त्यातले 'नापेप' हे गरिबी निर्मूलनाच्या ज्या सरकारी योजनेतून या रिक्षा वाटल्या गेल्या तिचे आद्याक्षरी नाव. या दोन्ही वाहनांत पुण्याच्या बजाजचा मोठा भरणा आहे. लागोसमध्ये भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे आणि मराठी कुटुंबेही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी राजधानी अबुजाला गेले तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद त्यांच्याजवळ व्यक्त केला होता. तेलाच्या व्यापारातही काही वर्षे भारत हा नायजेरियाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता, कारण तिथले 'बॉनी लाइट' हे तेल पातळ आणि अत्यल्प गंधकाचे असल्यामुळे शुद्ध करायला सोपे जाते. २०२२ नंतर स्वस्त रशियन तेलाने ती जागा बरीच घेतली.

राजकारणाचा आराखडा थोडक्यात असा. १२ जून १९९३ ची निवडणूक मोशूद अबिओला जिंकत असताना लष्करशहा बाबांगिडा यांनी ती रद्द केली. त्यानंतर अबाचा आले, १९९८ साली त्यांचा अचानक मृत्यू झाला आणि त्यांनी परदेशी बँकांत दडवलेले पैसे स्वित्झर्लंडसह अनेक देश पुढे वर्षानुवर्षे परत करत राहिले. १९९९ पासून मुलकी सरकारे आहेत. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी केवळ सर्वाधिक मते पुरत नाहीत, तर किमान दोन तृतीयांश राज्यांत पंचवीस टक्के मते मिळावी लागतात, म्हणजे एकाच समाजाच्या बळावर गादी मिळू नये. उत्तर आणि दक्षिण यांच्यात पद आलटूनपालटून फिरावे, असा अलिखित संकेतही पक्ष पाळतात. राजधानी गजबजलेल्या लागोसमधून देशाच्या मध्यावरील अबुजाला डिसेंबर १९९१ मध्ये हलवली, तीही याच समतोलासाठी. २०१५ साली सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन निवडणूक हरले आणि त्यांनी मुकाट्याने पद सोडले, ही या देशात प्रथमच घडलेली गोष्ट होती.

ईशान्येत मात्र राज्यसंस्थेची पकडच सैल आहे. मैदुगुरी येथे सुरू झालेल्या बोको हराम या गटाने २००९ पासून हिंसाचार आरंभला आणि एप्रिल २०१४ मध्ये चिबोक गावच्या शाळेतून २७६ मुलींना पळवून नेले. मधल्या पट्ट्यात गुराखी आणि शेतकरी यांच्यात पाणी आणि कुरणांवरून रक्त सांडते. सहाराच्या बाजूने चराऊ जमीन आक्रसत चालल्याने गुरे दरवर्षी अधिक दक्षिणेला येतात.

सरकारच्या वाटपावर अवलंबून नसलेली क्षेत्रे फुलत आहेत, ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. स्वस्त व्हिडिओ कॅसेटवर नव्वदच्या दशकात सुरू झालेला चित्रपटधंदा आज वर्षाला शेकड्यांनी चित्रपट काढतो, लागोसचे संगीत जगभर वाजते आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवा पुरवणाऱ्या तिथल्या कंपन्यांत परदेशी गुंतवणूकदारांनी मोठी गुंतवणूक केली आहे. राष्ट्रीय उत्पन्नात तेलाचा हिस्सा प्रत्यक्षात दहा टक्क्यांच्या आतच असतो. निर्यातीच्या कमाईत मात्र तो ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. लोकांचा उदरनिर्वाह एकीकडे आणि सरकारची डॉलरची तिजोरी दुसरीकडे, असा हा दुभंग आहे.

लागोसजवळ लेक्की येथे अलिको डांगोटे या उद्योगपतींनी दिवसाला ६ लाख ५० हजार पिंपे शुद्ध करण्याची क्षमता असलेला खासगी कारखाना उभारला आहे. त्याच्या अभियांत्रिकीचे काम इंजिनियर्स इंडिया या भारतीय सरकारी कंपनीकडे होते आणि उभारणीत भारतीय तंत्रज्ञांचा मोठा सहभाग होता. मे २०२३ मध्ये उद्घाटन झाले, जानेवारी २०२४ मध्ये डिझेल आणि विमानाचे इंधन, आणि सप्टेंबरात पेट्रोल बाहेर पडू लागले. देशातले तेल देशातच शुद्ध होणार, याचा आनंद मोठा होता. पण कारखान्याला पुरेसे कच्चे तेल देशातून मिळेना; काही तेल आधीच घेतलेल्या कर्जांपोटी परस्पर बांधले गेले होते, तर उत्पादक कंपन्यांना डॉलरमध्ये निर्यात करणे अधिक सोयीचे वाटत होते. सरकारने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून कारखान्याला नायरांत तेल विकण्याची योजना आणली, आणि तरीही लेक्कीच्या धक्क्यावर तेल उतरवणाऱ्या जहाजांमध्ये अमेरिकेतल्या टेक्सासहून आलेली जहाजे असत.